सहा लाल चेंडू : स्नूकरच्या लघुरूपाचा एक अभ्यास

कोणतीही गोष्ट आखूड केली की ती सोपी होते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. कादंबरीपेक्षा कथा सोपी, कसोटीपेक्षा वीस षटकांचा सामना सोपा, असे आपण सहज बोलून जातो. स्नूकर या खेळाच्या आखूड प्रकाराची माहिती वाचताना हा समज एकदा तपासून पाहावा, असे मला वाटले. तोच प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आधी मूळ खेळाची ओळख करून घेऊ. आम्हां भाटघरच्या मुलांना कॅरम चांगला ठाऊक आहे. नुसती क्वीन घेऊन भागत नाही, तिला कव्हर द्यावे लागते. स्नूकरमध्येही असाच एकाला एक जोडलेला हिशेब असतो. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबलावर पंधरा लाल चेंडू आणि सहा रंगीत चेंडू मांडतात. पांढऱ्या चेंडूला क्यूने, म्हणजे लांब काठीने, टोला देऊन बाकीचे चेंडू पॉकेटमध्ये घालायचे असतात. लाल चेंडूचा एक गुण. लाल पडला की एक रंगीत चेंडू घ्यायचा. पिवळ्याचे २, हिरव्याचे ३, तपकिरीचे ४, निळ्याचे ५, गुलाबीचे ६ आणि काळ्याचे ७ गुण. रंगीत चेंडू पुन्हा जागेवर ठेवतात आणि खेळाडू पुढच्या लालकडे वळतो. लाल संपले की सहाही रंग याच क्रमाने पाडायचे. त्यांचे मिळून २७ गुण होतात.

प्रत्येक लालनंतर काळाच घेतला, तर पंधरा गुणिले आठ म्हणजे १२० आणि शेवटचे २७, असे एकूण १४७ गुण होतात. आखूड प्रकारात लाल चेंडू सहाच असतात. म्हणून सहा गुणिले आठ म्हणजे ४८ आणि २७, असे ७५ गुण. टेबल तेच, रंग तेच. फक्त नऊ लाल कमी.

आता खरा मुद्दा. मोठ्या खेळात एकाच खेळाडूने काळ्यासह लाल घेत जाऊन दहावा लाल पाडला, की त्याचे ७३ गुण होतात आणि प्रतिस्पर्ध्यासाठी टेबलावर ६७ उरतात. समोरच्याकडून चूक झाल्याशिवाय त्याला वर येता येत नाही. पाच लाल शिल्लक असतानाच डाव जवळजवळ निकालात निघतो. सहा लालच्या खेळात चार लाल आणि चार काळे घेऊन पाचवा लाल पाडला, तरी गुण होतात ३३ आणि प्रतिस्पर्ध्यासाठी ३५ उरतात! म्हणजे सहांपैकी पाच लाल घेऊनही डाव सुरक्षित नाही. मोठ्या खेळात शेवटच्या रंगांचे २७ गुण एकूण गुणांच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरतात. आखूड खेळात ते तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होतात. खेळ आखूड झाला तसे शेवटाचे मोल वाढले, आणि चूक भरून काढायला वेळ मात्र कमी उरला. याला सोपे कसे म्हणावे?

या प्रकाराची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ मध्ये बँकॉक येथे झाली. इंग्लंडच्या रिकी वॉल्डन याने ती जिंकली. हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत मात्र आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या एका खेळाडूचे नाव दोनदा कोरले गेले. पंकज अडवाणी यांचा जन्म २४ जुलै १९८५ रोजी पुण्यात झाला. ते वाढले पुढे बंगळूरला. पंधरा लालचे जागतिक विजेतेपद त्यांनी २००३ मध्येच मिळवले होते. २०१४ मध्ये इजिप्तमधील शर्म अल् शेख येथे आणि २०१५ मध्ये कराची येथे त्यांनी सहा लालचेही विजेतेपद जिंकले. पहिला अंतिम सामना ६-४ असा सुटला. बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्ही खेळांत, लांब व आखूड दोन्ही प्रकारांत जागतिक विजेते ठरलेले ते पहिले खेळाडू. त्यांच्याही आधी पुण्यातच जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले होते, हेही विसरता कामा नये.

स्नूकरचा जन्मही आपल्याच देशातला. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या इंग्रज अधिकाऱ्याने तो सुरू केला, असे मानतात. नवख्या, पहिल्या वर्षाच्या लष्करी विद्यार्थ्याला तेव्हा थट्टेने 'स्नूकर' म्हणत. तेच नाव खेळाला चिकटले. गेल्या वर्षी कॉलेजच्या दारात बावरून उभा राहिलेला मी हे वाचून मनाशीच हसलो.

मात्र एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. मी हा खेळ मोबाइलच्या पडद्यावर पाहिला आहे, क्यू हातात कधी धरलेला नाही. खेळाचा वेळ आखूड झाला. पाटीच्या दगडाच्या टेबलाची लांबी, वजन आणि किंमत तेवढीच राहिली. आमच्या धरणाला साहेबाच्या नावावरून लॉइड धरण म्हणत. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या शेतांत पोचले. साहेबाचा हा खेळ मात्र बराच काळ क्लबच्या भिंतीआडच राहिला. नऊ लाल काढून घेतल्याने सामना लवकर संपतो, पण त्यामुळे खेड्यातल्या मुलाला टेबल जवळ येत नाही.

आमच्याकडे कॅरमवर अचूक कोन साधणारी मुले घरोघरी आहेत. डोळा, हात आणि हिशेब यांची उणीव नाही. तालुक्याच्या ठिकाणी सर्वांना खुले असे एक टेबल जरी आले, तरी त्यांतला एखादा सहा लालपासून सुरुवात करील. लघुरूपाचा खरा उपयोग तेव्हाच झाला, असे मी म्हणेन.