गाडी अटॅच लावण्याआधी

नाशिकमध्ये कोणी नवा ट्रक बुक केला की गाडी पासिंग होण्याआधीच निरोप येतो, ‘कशाला वणवण करता, आमच्याकडे अटॅच लावा.’ अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतला माल उचलणाऱ्या अनेक ट्रान्सपोर्ट कंपन्यांचं काम अशा अटॅच गाड्यांवरच चालतं. माल आणि भाडं कंपनी ठरवणार. गाडी, हप्ता आणि ड्रायव्हर आपला. दुसरी वाट म्हणजे आपल्या परमिटवर आपणच माल शोधायचा. आमच्या घरची गाडी दोन्ही वाटांनी चालली आहे. गाडीची देखभाल आणि ड्रायव्हर हे माझ्या यजमानांकडे, हिशेब आणि कागदपत्रं माझ्याकडे. आता नात्यातली, ओळखीतली मुलं ट्रक घेताना विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

अटॅच लावली तेव्हाचे पहिले काही महिने खरोखर चांगले गेले. गाडी रिकामी उभी राहत नव्हती आणि बँकेचा हप्ता तारखेला जात होता. भरती झाली की डिझेल-टोलपुरता ॲडव्हान्स मिळे, माल खाली करून सही-शिक्क्याची पीओडी, म्हणजे माल पोचल्याची पावती, दिली की बाकी मिळणार असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तोंडी. करारपत्राचं विचारलं तेव्हा कंपनीचे मालक म्हणाले, ‘वहिनी, घरचंच काम समजा.’ त्या बोलण्यात गोडवा होता, आणि नव्या धंद्यात गोड बोलणारा माणूस मोठा आधार वाटतो.

हळूहळू बाकी साठत गेली. पैसा कुठे अडतो हे वही उलगडून बसले तेव्हा समजलं. पीओडी कंपनीच्या ऑफिसात जाते, तिथून महिन्याचं बिल कारखान्याकडे जातं, कारखाना आपल्या मुदतीने पैसे देतो, त्यानंतर ट्रकवाल्याचा नंबर. ट्रान्सपोर्ट कंपनी कारखान्याला जी उधारी देते ती आमच्या डिझेलवर आणि आमच्या ड्रायव्हरच्या पगारावर उभी असते. एका पावसाळ्यात कसारा घाटात माल भिजल्याचं सांगून आमच्या भाड्यातून रक्कम कापली गेली. ताडपत्री कोणाची होती, भरतीच्या वेळी खोकी कशी होती, नुकसान कोणी मोजलं, यातलं काहीही कागदावर दाखवलं नाही. मग कंपनीचं त्या कारखान्याचं काम सुटलं. गाड्या उभ्या राहिल्या, बाहेरचा माल भरायची परवानगी नाही आणि बाकी मागितली तर ‘आधी हिशेब क्लिअर होऊ द्या’. सुरुवातीला तारण म्हणून घेतलेले सही केलेले कोरे चेकही त्यांच्याकडेच होते. कोरा चेक कोणालाही देऊ नका, हे मी प्रत्येकाला अगदी पहिल्यांदा सांगते.

त्याहून मोठी गोष्ट जबाबदारीची आहे आणि ती फार कमी लोक समजून घेतात. गाडीच्या फळीवर कंपनीचं नाव कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो, मोटार वाहन कायदा आरसीवरचं नाव बघतो. गाडी विकून टाकली पण आरसीवर नाव बदललं नाही, तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विकलेल्या गाडीची ही गत, तर अटॅच गाडीची काय सांगावी! परमिट संपलेलं असताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमींना पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा आहे. ‘थोडं जास्त भरा, बघून घेऊ’ असं सांगणारा सुपरवायझर कंपनीचा असतो, ई-चलान मात्र मालकाच्या मोबाइलवर येतं. म्हणून परमिट, फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या तारखा कंपनीच्या भरवशावर सोडू नका. त्या आपल्या वहीत आपण लिहा.

काही ठिकाणी वेगळीच योजना पुढे करतात: गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची, हप्ते तुम्ही फेडायचे, सगळे फिटले की गाडी तुमची. कृपा करून यात पडू नका. मधेच बिनसलं तर भरलेले हप्ते भाड्यात जिरले असं म्हणतात आणि तुमच्या हातात दाखवायला काही राहत नाही.

तरीही गाडी अटॅच लावूच नये, असं माझं म्हणणं नाही. नवीन माणसाला, अंगावर कर्ज असताना, रोजचा माल ही मोठी गोष्ट आहे. फक्त करार स्टँप पेपरवर हवा आणि त्यात काही गोष्टी शब्दांत उतरलेल्या हव्यात. भाडं टनावर की ट्रिपवर, आणि डिझेलचा दर बदलला तर भाडं कसं बदलणार. बाकी पीओडी दिल्यापासून किती दिवसांत. माल उतरवून घ्यायला उशीर झाला तर हॉल्टिंग कोणत्या तासापासून आणि रोजचं किती. हमाली कोणाची, ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही ट्रकवाल्यांची जुनी मागणी आहे, पण करारात नसेल तर गोदामावर ती ड्रायव्हरच्याच खिशातून जाते. कापायचंच असेल तर लेखी नोट, फोटो आणि ठरलेल्या मुदतीत. मालाचा विमा कोणी काढायचा. परतीचा माल आपण भरू शकतो की नाही. आणि सोडायचं झालं तर नोटीस किती दिवसांची. यातलं हॉल्टिंग आणि परतीचा माल या दोन गोष्टींवर अडून बसा. बाकीच्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी गाडी तरते, या दोन्ही गेल्या तर नाही.

पीओडीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि ऑफिसात देताना पोच घ्या. ‘पीओडी आलीच नाही’ या एका वाक्यावर महिनोन्‌महिने पैसे अडतात.

आणखी एक काम फुकट होतं आणि फार थोडे ट्रकवाले ते करतात: उद्यम नोंदणी. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशी नोंदणी असलेल्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदतीबाहेर थकवलेली रक्कम सेवा घेणाऱ्याला त्या वर्षाच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. आधी नोंदणी करा, मग काम सुरू करा. थकल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना उपयोगी पडत नाही. तसंच टीडीएसचं. दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असलेल्याने पॅन देऊन तसं लेखी कळवलं तर भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. तो एक साधा कागद पहिल्याच दिवशी द्या.

आता स्वतः फिरवायचं. इथे लोकांचा एक गोंधळ होतो. आपली गाडी आपण फिरवणं आणि आपली बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडणं हे दोन वेगळे धंदे आहेत. आपल्या नॅशनल परमिटवर, दलालाकडून किंवा ट्रान्सपोर्टकडून माल घेऊन, त्यांच्या बिल्टीवर गाडी नेणं हा पहिला. त्याला परमिट लागतं. सगळ्या राज्यांसाठीची वर्षाची एकत्रित फी १६,५०० रुपये आणि वर १ हजारांचं ऑथरायझेशन. बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्टला गाडी भाड्याने दिली तर त्या भाड्यावर जीएसटी नाही.

स्वतःची बिल्टी फाडली की तुम्ही वाहक झालात. मग २००७ चा रस्ते वाहतूक कायदा लागू होतो. नोंदणी करावी लागते, ती १० वर्षं चालते. माल हरवला किंवा खराब झाला तर भरपाईची जबाबदारी तुमची. पाठवणाऱ्याने जास्त किमतीची जोखीम लिहून दिली नसेल तर ती भाड्याच्या दहापटीपर्यंत, तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. मालवाल्याने बुकिंगपासून १८० दिवसांत नोटीस द्यावी लागते. जीएसटीचे नियमही मग तुमच्या बिल्टीपासून सुरू होतात. एका गाडीच्या मालकाने पहिल्याच वर्षी यात हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन पक्के मालवाले वर्षभर टिकले, तर मग विचार करावा.

ई-वे बिलाचं भान अटॅच असताना ऑफिसातला माणूस ठेवतो, सुटं झालं की ते तुमच्या डोक्यावर येतं. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ते लागतं आणि २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत मिळते. घाटात गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. ड्रायव्हरने रात्री फोन केला, ‘वहिनी, क्लच गेला,’ तर मी मेकॅनिकच्या आधी बिलाची वेळ बघते.

सुट्या गाडीला नाशिकमध्ये माल भरपूर, पण तो हंगामाचा. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, पावसाळ्यानंतर पिंपळगावचे टोमॅटो, जानेवारीपासून द्राक्षं. हंगामात भाडं चढतं आणि वाटतं, अटॅचवाले वेडे आहेत. पण १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली आणि बांगलादेशाच्या सीमेवर कांद्याच्या ट्रकांच्या रांगा लागल्या. आमची गाडी त्या रांगेत होती. हौद्यातून पाणी गळत होतं, ड्रायव्हर भत्ता मागत होता आणि माल देणारा दलाल फोन उचलत नव्हता. चिठ्ठीवर हॉल्टिंगचा शब्द नव्हता, म्हणून त्या दिवसांचं काहीही मिळालं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा निर्यातबंदी आली. निर्यातीचा माल भरायचा तर भरतीच्या चिठ्ठीवरच लिहून घ्या की बंदरात किंवा सीमेवर गाडी थांबली तर रोजचं किती आणि माल परत आणायचा झाला तर भाडं कोणाचं. दलाल नाही म्हणाला, तर तो माल दुसऱ्या गाडीला जाऊ द्या.

सुटं फिरवायला हाताशी किमान तीन महिन्यांचे हप्ते आणि एका लांब ट्रिपचं डिझेल हवं. ती रक्कम नसेल तर मिळेल त्या भाड्याला ‘हो’ म्हणावं लागतं. आम्ही सध्या मधली वाट धरली आहे: जाताना करारावर कारखान्याचा माल, येताना आमचा आम्ही शोधलेला. याला कबूल होणारी कंपनी शोधायला वेळ लागला, पण अशा कंपन्या आहेत.

अटॅच सोडताना घाई करू नका. आधी बाकीचा हिशेब ट्रिपवार, बिल्टी नंबरासह लिहून ईमेलने पाठवा आणि शेवटच्या ट्रिपची मूळ पीओडी पोच घेतल्याशिवाय देऊ नका. नो-ड्यूजचं पत्र घ्या. फास्टॅग कंपनीच्या खात्याला जोडलेला असेल तर तो बंद करून आपल्या नावाचा लावा, जीपीएसचं लॉगिन आपल्याकडे घ्या, फळीवरचं कंपनीचं नाव पुसून त्याचा तारखेसह फोटो ठेवा. कोरे चेक परत मिळाले नाहीत तर त्यांचे नंबर देऊन बँकेत पेमेंट थांबवा, आणि त्यामागचं कारण कंपनीला वकिलाकरवी लेखी कळवा.