हस्तव्यवसायाचा कोपरा : हत्यारांची जागा व अपुऱ्या कामाची जागा

चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या परिसरातील आपल्या शाळांत ज्या मुलांचे पालक कारखान्यांत कामास जातात, त्यांपैकी अनेकांस 'फाइव्ह एस' या नावाची शिस्त परिचित आहे. ही पद्धती मूळची जपानी असून निवड, मांडणी, सफाई, सातत्य व स्वयंशिस्त ही तिची पाच अंगे होत. भिंतीवरील फलकावर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती रंगविलेली असते; पाना जागेवर नसला की रिकामी आकृती लांबूनच दिसते.

कार्यानुभवाच्या कोपऱ्यासाठी ही युक्ती अवश्य उचलावी. जुन्या प्लायवुडच्या तुकड्यावर कात्री, पक्कड, हातोडी यांच्या आकृती मुलांकडूनच काढून घ्याव्यात व फलक त्यांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर लावावा. आपल्या वर्गांत मराठवाडा, विदर्भ, तसेच बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेली मुले असतात. ज्यास मराठी अक्षर अद्याप वाचता येत नाही, त्यासही कात्रीची आकृती वाचता येते. भाषेमुळे दिवसभर मुका राहणारा मुलगा या एका कोपऱ्यात कोणास न विचारता कामास लागू शकतो, हा लाभ लहान नव्हे.

परंतु कारखान्याचे अनुकरण येथवरच असावे. तेथे काय बनवावयाचे हे आधी ठरलेले असते. म्हणून निरुपयोगी वस्तू हलविणे हे पहिले काम. मुलाच्या हातून काय घडणार, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. पुठ्ठ्याचा एक लांब तुकडा दृष्टीस पडला, की बैलगाडी म्हणून आरंभिलेल्या वस्तूचा ट्रक होतो. तेव्हा हत्यारे शिस्तीत, पण सामान मात्र उघड्या टोपल्यांत, डोळ्यांसमोर असावे. कुलूपबंद कपाटातील सामानाने कोणास काही सुचत नाही.

सामानाचा आपल्याकडे तोटा नाही. पुठ्ठ्याची खोकी मागावी तितकी मिळतात. लाकडी पॅलेटच्या फळ्या खिळे उपसल्यावाचून घेऊ नयेत. तेलकट चिंध्या, रसायनांचे डबे व धारदार पत्र्याची कात्रणे फुकट मिळाली तरी नाकारावीत.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेला विज्ञान आश्रम ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी एकदा पाहावा. प्रत्यक्ष काम करीत शिकणे हाच तेथील शिक्षणाचा पाया आहे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अपुऱ्या कामाची जागा. तासिका संपते तेव्हा खळही वाळलेली नसते. मग वस्तू दप्तरात चिरडते किंवा केरात जाते, आणि पुढल्या वेळी मूल एका तासात संपेल एवढेच काम निवडते. त्याची कल्पना तेवढीच आखूड होते. खोली एकच असली तरी खिडकीवर एक रुंद फळी ठोकता येते. तीवर मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून वस्तू ठेवावी. तपासणी आहे म्हणून ती फळी रिकामी करू नये. तपासणी अधिकाऱ्यास अर्धे घर व चाकांवाचून गाडी दिसली तर त्यात शाळेस कमीपणा नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या त्या मुलासच विचारावे, की वस्तू पुरी करावयाची, तशीच ठेवावयाची, की मोडून सामान टोपलीत परत टाकावयाचे. शिक्षकाने ती परस्पर मोडू नये.