शाळेत घातले, म्हणजे झाले का?



मृगाच्या सरी पडू लागल्या की आपल्या वसईत दोन कामे बरोबरच सुरू होतात. जिथे अजून शेती उरली आहे तिथे राबात भाताचा पेरा होतो आणि गावोगाव शाळेची घंटा वाजते. मे महिनाभर शांत असलेले शाळेचे आवार पुन्हा गजबजते. नवी दप्तरे, कोऱ्या वह्यांचा वास, पुढच्या वर्षीही चालावा म्हणून एक माप मोठा घेतलेला गणवेश, व्हरांड्यात निथळत ठेवलेल्या छत्र्या... हे दृश्य दरवर्षी पाहूनही आमचे मन भरत नाही.

याच दिवसांत धर्मग्रामाच्या कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. कोणाला स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो, कोणाला मुलाच्या प्रवेशाविषयी बोलायचे असते. काम झाले की उठता उठता एक वाक्य हमखास कानी पडते : "फादर, आता पोरगा तुमच्या ताब्यात दिला. तुम्हीच काय ते बघा!"

या वाक्यात शाळेवरचा विश्वास आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण त्यातच एक धोकाही दडलेला आहे. 'फी भरली, पुस्तके घेतली, क्लास लावला, आमचे काम संपले' असा त्याचा अर्थ होत असेल, तर नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आपण सर्वांनीच थोडे थांबून विचार करायला हवा. मूल शाळेत घातले, म्हणजे झाले का?

बारा वर्षांचा येशू

प्रभू येशूच्या बालपणाविषयी शुभवर्तमानात फार थोडे लिहिलेले आहे. मात्र त्याच्या बाराव्या वर्षीचा एक प्रसंग संत लूकने दुसऱ्या अध्यायात आवर्जून जपून ठेवला आहे. बारा वर्षे म्हणजे आपल्याकडे साधारण सातवीचे वय. माध्यमिक शाळेच्या दारातले वय.

वल्हांडण सणानंतर येशू यरुशलेमेत मागे राहतो. मरिया आणि योसेफ त्याला शोधत परत येतात. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो. तो तिथे काय करत होता? तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. देवाचा पुत्र आधी ऐकतो, मग विचारतो. उत्तम विद्यार्थी कसा असतो, ते यातच आले.

आता मरियेकडे पाहू. तीन दिवस जिवाला घोर लागलेली आई. तरी तिच्या तोंडून पहिल्यांदा निघतो तो प्रश्न : तू असे का केलेस? ती स्वतःचे दुःख लपवत नाही, पण मुलाला बोलण्याची संधी देते. मुलगा उत्तर देतो, आणि लूक प्रांजळपणे लिहितो की ते उत्तर आईवडिलांना समजले नाही. पवित्र कुटुंबातही असे घडले, हे वाचून किती आईबापांना धीर येईल! समजले नाही म्हणून मरियेने ते झटकून टाकले नाही. तिने ते मनात जपून ठेवले. आणि येशू त्यांच्याबरोबर नाझरेथला परत गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व वयाने वाढत गेला. मंदिरातले गुरुजन तीन दिवसांचे होते. घरची शाळा त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू होती.

शिक्षक ओतत नाही, जागे करतो

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्यापुढे एक प्रश्न आला होता. तेव्हा तो नुसता पुस्तकी वाटला. शाळेची जबाबदारी अंगावर पडल्यावर त्याचे मोल कळले. प्रश्न असा : एक माणूस दुसऱ्याला खरोखर शिकवू शकतो का?

संत ऑगस्टीनने सुमारे इ.स. ३८९ मध्ये याच विषयावर एक संवाद लिहिला. त्यात दोनच पात्रे आहेत, स्वतः ऑगस्टीन आणि त्याचा किशोरवयीन मुलगा आदेओदातुस. म्हणजे बाप आणि लेक बसून शिक्षणावर बोलत आहेत! ऑगस्टीनचे म्हणणे थोडक्यात असे की, गुरूचे शब्द या केवळ खुणा होत. त्या शब्दांत सत्य आहे की नाही हे शिष्य स्वतःच्या अंतर्यामी पडताळून पाहतो, आणि तिथे शिकवणारा खरा गुरू ख्रिस्त आहे.

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या विचाराला शिक्षकाची बाजू जोडली. त्यांनी डॉक्टरचे उदाहरण दिले. रोगी बरा होतो तो त्याच्या शरीरातल्या शक्तीने. डॉक्टर त्या शक्तीला साहाय्य करतो. तसेच समजून घेण्याची शक्ती विद्यार्थ्याच्या बुद्धीत देवाने आधीच ठेवलेली आहे. शिक्षक तिला वाट दाखवतो. म्हणून शिक्षकाचे काम खरे आहे, मोठेही आहे. पण मूल म्हणजे रिकामा हंडा नव्हे, की वरून पाणी ओतले आणि भरला.

याच ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात शाळेतल्या माराची आठवण सांगितली आहे. आज मार मिळू नये म्हणून लहानगा ऑगस्टीन देवाची प्रार्थना करी, आणि घरची मोठी माणसे त्याच्या त्या दुःखाला हसत. एवढा मोठा संत झाल्यावरही तो ते हसणे विसरला नव्हता. आज छडी मागे पडली आहे. पण 'शेजारच्याला नव्वद टक्के पडले, तुला काय झाले?' हे वाक्य छडीपेक्षा हलके आहे का?

आमची एक चूक

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आमची एक चूक कबूल करायला हवी. काही वर्षांपूर्वी शाळा सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात आम्ही सकाळी फाटकाशी उभे होतो. आठवीतला एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी उशिरा आला. अंगावर भिजलेला शर्ट, पायात चपला. आम्ही त्याला सगळ्यांसमोर चांगलेच फैलावर घेतले. शिस्त म्हणजे काय, वेळ म्हणजे काय, यावर छोटे प्रवचनच दिले. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही.

चार दिवसांनी त्याच्या वर्गशिक्षिका आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "फादर, त्याची आई पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन मुंबईला जाते. धाकट्या दोघांना उठवून, खायला घालून, शाळेत सोडून मग तो येतो. मी विचारले तेव्हा त्याने मला सांगितले."

'मी विचारले तेव्हा.' हे तीन शब्द आमच्या मनात रुतून बसले. आम्हीही त्याला 'उशीर का झाला' असे म्हटले होते. पण तो प्रश्न नव्हता, तो रागाचाच एक प्रकार होता. उत्तरासाठी आम्ही थांबलो नव्हतो. त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो पुन्हा शाळेत येऊ लागला. शेजारच्या एका आजींनी धाकट्यांना शाळेत पोहोचवायचे अंगावर घेतले, तेव्हा कुठे त्याचा उशीर थांबला. पुढे वर्षभर तो आमच्याशी मोकळेपणाने बोलला, असे मात्र आम्हाला म्हणता येणार नाही. एकदा मिटलेले दार सहजासहजी उघडत नाही.

कॅथलिक शाळा कोणासाठी?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यातल्या दोन गोष्टी आज ध्यानात घेऊ. पहिली, आईवडील हेच मुलांचे आद्य आणि प्रमुख शिक्षक आहेत. त्यांची उणीव भरून काढणे फार कठीण. दुसरी, कॅथलिक शाळेने गरिबांची, घरच्या मायेला पारखे झालेल्यांची आणि ज्यांना आपल्या श्रद्धेचे दान लाभलेले नाही अशांचीही विशेष काळजी घ्यावी.

'फादर, शाळा आपली, मग बाहेरची मुले इतकी का?' असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. भारतीय राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. तो आपण कृतज्ञतेने जपला पाहिजे. त्याच घटनेचे २८ वे कलम सांगते की, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलावर त्याच्या वा पालकांच्या संमतीविना धर्मशिक्षण लादता येणार नाही. याचे आपल्याला दुःख वाटायचे कारण नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाशी आपण कसे वागतो, त्यावरूनच आपली शाळा कॅथलिक आहे की नाही हे ठरेल.

आपल्याच मातीतला एक दाखला पाहा. संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले. बालपणी त्यांना इथल्या येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिक्षण मिळाले. पुढे ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ख्रिस्तासाठी हुतात्मा झाले. ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद देण्यात आले. वसईत त्यांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्या गुरूला हे सारे ठाऊक असणे शक्य नव्हते. पेरणाऱ्याला पीक दिसतेच असे नाही.

या वर्षासाठी चार गोष्टी

१. पालकांनी दिवसातून पंधरा मिनिटे मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवून मुलाशी बोलावे. 'किती मार्क पडले?' याआधी 'आज काय नवीन कळले?' असे विचारावे. उत्तर समजले नाही तरी मरियेप्रमाणे मनात ठेवावे.

२. पालकसभा चुकवू नये. पालकांनी शिक्षकांशी मनापासून सहकार्य करावे आणि शिक्षकांनी पालकांचे ऐकून घ्यावे, असे १९८३ ची धर्मसंहिताही सांगते. सभेला आई एकटीच येते, वडिलांनीही यावे.

३. शिक्षकांनी पहिल्या महिन्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरची परिस्थिती जाणून घ्यावी. हे काम कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नसते.

४. विद्यार्थीमित्रांनो, वर्गात समजले नाही तर हात वर करा. येशूनेही प्रश्न विचारले होते. आणि नव्याने आलेला एखादा मुलगा मधल्या सुट्टीत एकटाच डबा खात असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

राबात उगवलेले रोप उपटून शेतात लावतात, तेव्हा राबाची माती त्याच्या मुळांशी थोडी तरी चिकटलेली असते. घर हा राब आहे आणि शाळा हे शेत. आपल्या घरची कोणती माती आपली मुले शाळेत घेऊन जात आहेत?

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात मुलाला विचारलेला एक तरी प्रश्न असा होता का, ज्याचे उत्तर आपण शेवटपर्यंत ऐकले?
२. आपल्या वाडीतील कोणत्या मुलाला शाळेत टिकण्यासाठी मदतीची गरज आहे? आपण काय करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या घरात वाढलास आणि मंदिरात गुरुजनांचे ऐकलेस. आमच्या मुलांना शिकण्याची गोडी दे, शिक्षकांना धीर दे आणि आम्हा आईवडिलांना व मेंढपाळांना ऐकणारे कान दे. जो कोणी आज शाळेच्या फाटकाशी मान खाली घालून उभा आहे, त्याच्याजवळ तू उभा राहा आणि आम्हालाही तिथे ने. आमेन.