फटफटीचा आवाज कोठे अडतो?

मोटारसायकलला 'फटफटी' हे नाव तिच्या आवाजानेच मिळवून दिले आहे. दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेली जुनी फटफटी गल्लीत शिरली, की हे नाव किती योग्य आहे ते कळते. खिडक्यांची तावदाने थरथरतात, पाळण्यातले मूल दचकून उठते आणि अभ्यासाला बसलेल्याचे लक्ष उडते. गाडी तीच आणि इंजिनही तेच. मग ती नवी असताना हा आवाज कोठे अडत होता? आणि आता तो कोठून निसटतो? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील ध्वनीच्या आणि रसायनाच्या धड्यांत आहे.

आवाज कसा उत्पन्न होतो?

जुन्या बुलेटचे उदाहरण घेऊ. तिचे इंजिन एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक, 346 घन सेंटिमीटर क्षमतेचे असते. सिलिंडरात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेटते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. दट्ट्या तळाशी येण्यापूर्वीच निकास झडप उघडते. त्या क्षणी आतील वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. हा वायू एकदम नळीत घुसतो आणि दाबाची एक तीव्र लाट पुढे धावते. तीच आपल्याला 'फट्' अशी ऐकू येते.

फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. इंजिन मिनिटाला 960 फेरे घेत असेल, तर ज्वलने 480 होतात, म्हणजे सेकंदाला 8. एवढे ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. फेरे 3,000 झाले की सेकंदाला 25 ठोके पडतात. ते एकमेकांत मिसळतात आणि सलग घरघर ऐकू येते.

सायलेन्सरच्या पोटात

पुष्कळांना वाटते, सायलेन्सर म्हणजे आवाज कोंडून ठेवणारे बूच. तसे नाही. वायूला वाट द्यायची आणि ध्वनितरंगाला अडवायचे, असे त्याचे दुहेरी काम आहे.

पहिली युक्ती परावर्तनाची. अरुंद नळीतून जाणारा ध्वनितरंग एकदम रुंद कप्प्यात शिरला, की त्याचा काही भाग मागे फिरतो. समजा, नळीचा व्यास 4 सेंमी आणि कप्प्याचा 10 सेंमी आहे. म्हणजे क्षेत्रफळ सव्वासहा पट झाले. अशा एका सांध्याशी तरंगाची साधारण निम्मी ऊर्जा परत फिरते. कप्प्यातून पुन्हा अरुंद नळीत शिरतानाही तसेच होते.

मात्र कप्प्याची लांबी विचारपूर्वक ठरवावी लागते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जास्त असतो. तो सेकंदाला 500 मीटर धरू. कप्पा 25 सेंमी लांब असेल, तर तरंगलांबीचा चौथा हिस्सा त्यात बसेल असा तरंग 1 मीटर लांबीचा होय. त्याची वारंवारता 500 हर्ट्झ. हा तरंग सर्वांत जास्त अडतो. पण 1,000 हर्ट्झच्या तरंगाची लांबी अर्धा मीटर. त्याची नेमकी अर्धी लांबी कप्प्यात बसते आणि तो जवळजवळ न अडता पार जातो! म्हणून सायलेन्सरात वेगवेगळ्या लांबीचे कप्पे करतात. एकाला चुकवलेला तरंग दुसऱ्यात सापडतो. कप्पे पाडणाऱ्या आडव्या पत्र्यांना बॅफल म्हणतात.

दुसरी युक्ती शोषणाची. काही सायलेन्सरांत भोके पाडलेल्या नळीभोवती काचलोकर भरलेली असते. तिच्या तंतूंत हवेचे कण घासले जातात आणि ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता होते. बारीक, चिरक्या आवाजांवर ही युक्ती विशेष चालते.

सायलेन्सर आतून का कुजतो?

पेट्रोल जळताना पाणी तयार होते. पेट्रोलऐवजी ऑक्टेन हे एकच संयुग धरले, तर 114 ग्रॅम ऑक्टेनपासून 162 ग्रॅम पाणी मिळते. या हिशेबाने एक लिटर पेट्रोलमागे सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते!

लांबच्या प्रवासात सायलेन्सर चांगला तापतो आणि वाफ निघून जाते. पण घरापासून बाजारापर्यंतच गाडी नेली, तर मागचा भाग तापतच नाही. वाफेचे पाणी तळाशी साचते. त्यात ज्वलनातून आलेली थोडी आम्ले मिसळतात आणि पत्रा आतून गंजतो. वरचा चकचकीत मुलामा शाबूत दिसतो आणि एके दिवशी खालून भोक पडते. रोज थोडीच धावणारी गाडी म्हणूनच या बाबतीत लवकर झिजते.

दोष कसा शोधावा?

इंजिन थंड असताना, उघड्यावर आणि जाणत्या माणसाच्या देखत हे काम करावे. बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

प्रथम नुसते डोळ्यांनी पाहा. सांध्याभोवती काजळीचे काळे ओघळ असतील, तर तेथून वायू गळतो आहे. मग सांध्यांना साबणाचे पाणी लावून इंजिन थोडा वेळ सुरू करा. गळतीच्या जागी बुडबुडे येतील. तेवढ्यात मोठ्या माणसाने जाड हातमोजा घालून मागच्या तोंडाशी कापडाचा बोळा दोन सेकंद सैलसर धरला, तर बारीक छिद्रही फुसफुसू लागते.

आणखी एक खूण आहे. वेग कमी करताना मागून फटाके फुटल्यासारखे आवाज येत असतील, तर इंजिनजवळचा सांधा तपासा. दाबाच्या प्रत्येक लाटेमागे कमी दाबाची लाट येते. तिच्यामुळे सैल सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल नळीतच पेटते.

कोठेही गळती नाही, तरी आवाज मोठा आहे? मग आतले बॅफल कुजून पडले असतील किंवा आधीच्या मालकाने काढून टाकले असतील. रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खुळखुळ वाजले, तर पहिले कारण खरे.

दुरुस्ती

सांध्यातली चकती, म्हणजे गॅस्केट, बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जुन्या गाड्यांच्या चकत्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसांना अत्यंत घातक असते. म्हणून ती कोरडी खरवडू नये किंवा फुंकू नये. ओली करून जाणकारानेच काढावी. चकती नुसत्या तांब्याची असेल, तर कारागीर ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतो. दाबून दाबून कठीण झालेले तांबे त्यामुळे पुन्हा मऊ होते आणि सांध्यात नीट बसते. पोलाद असे तापवून बुडवले तर उलट कडक होते, हा फरक ध्यानात ठेवा.

जोडताना सर्व बोल्ट आधी हाताने सैल बसवावेत आणि मग पुढून मागे क्रमाने आवळावेत. नळी ताणात बसली, तर इंजिनच्या कंपनांनी तिला तडा जातो. इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

भोक लहान असेल, तर सायलेन्सरसाठी मिळणारी उष्णतारोधक पेस्ट काही दिवस टिकते. घरातील नळाला लावायचे एपॉक्सी लुकण येथे जळून जाते. पक्के काम म्हणजे गंजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडणे. त्यासाठी सायलेन्सर गाडीवरून उतरवून पेट्रोलच्या टाकीपासून दूर न्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, कारण त्याचा धूर श्वासातून गेल्यास ताप येतो. पत्रा सगळीकडेच पातळ झाला असेल, तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. त्याच गाडीसाठी बनवलेला नवा सायलेन्सर घ्यावा.

दहा डेसिबेलची किंमत

'थोडा आवाज वाढला तर काय बिघडले?' असे कोणी म्हणाले, तर त्याला हे गणित सांगा. डेसिबेलमध्ये 10 ची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की पातळी 6 डेसिबेलने उतरते. फुटक्या सायलेन्सरची गाडी 7.5 मीटरवर 90 डेसिबेल आवाज करत असेल, तर 15 मीटरवर 84, 30 वर 78, 60 वर 72 आणि 120 मीटरवर 66 डेसिबेल. भारतातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र घोषित करता येते. तेथे दिवसाची मर्यादा सरासरी 50 डेसिबेल आहे. म्हणजे या क्षेत्राच्या बाहेरून जाणारी एकच गाडीही आतल्या रुग्णाची झोप मोडू शकते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे. आवाज कमी करण्याचा मार्ग म्हणून त्या नियमात रुंद कप्प्याचा उल्लेखही आहे. कायद्याच्या भाषेत भौतिकशास्त्र असे डोकावते!

करून पाहा

पुठ्ठ्याच्या नळीच्या एका टोकाशी पिपाणी धरून वाजवा आणि मित्राला दहा पावलांवरून ऐकायला सांगा. मग नळीचे दुसरे टोक बुटांच्या खोक्यात घाला. खोक्याच्या समोरच्या बाजूला, पण पहिल्या नळीच्या रेषेत येणार नाही अशी, दुसरी नळी बसवा. पुन्हा वाजवा. शेवटी खोक्यात सैलसर कापूस भरून वाजवा. तिन्ही वेळी आवाज किती व कसा बदलला, याची नोंद करा. शिक्षकांनी वर्गाचे गट करून प्रत्येक गटाला वेगळ्या लांबीचा खोका द्यावा.

विचार करा

1. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होते. 960 फेऱ्यांना सेकंदाला किती ठोके पडतील?
2. कप्पा 50 सेंमी लांब असेल, तर कोणत्या वारंवारतेचा तरंग सर्वांत जास्त अडेल?
3. थंडीच्या सकाळी गाडी सुरू करताच सायलेन्सरच्या तोंडातून पाणी ठिबकते. ते कोठून येते?
4. दोन सारख्याच गाड्या एकत्र वाजल्या, तर आवाज दुप्पट डेसिबेल होईल का?