मोफत शिक्षणाचा खर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शिक्षणावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय मला मुळात हिशेबाचाच वाटतो. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सरकारी शाळेत फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. असे असूनही एकाच बाकावर बसलेली दोन मुले दहावीपर्यंत इतकी दूर कशी जातात? याचे उत्तर असे की, मोफत असते ती शाळा. घरी अभ्यासाला लागणारा वेळ, शांतता आणि अडलेले सांगणारे माणूस, हा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो.

आमच्या बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत पुष्कळ घरांत यंत्रमाग चालतात. मजुरी साडीवर मिळते. माग थांबला की मिळकत थांबली. त्यामुळे वीज आहे तोवर खडखडाट चालू राहतो आणि त्याच छपराखाली मुलाने पाढे पाठ करायचे असतात. मध्येच कांड्या भरून द्यायच्या, धाकट्या बहिणीला कडेवर घ्यायचे. मुलगी असेल तर पाणी आणि भाकरीही आलीच. यात आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलाने शिकावे ही इच्छा त्यांच्या ठिकाणी कुणापेक्षाही कमी नसते. पण त्यांना सवड विकत घेता येत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवर आले, तेव्हा घरातला एकमेव फोन तीन भावंडांत फिरताना मी आमच्याच गल्लीत पाहिला आहे.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. मराठी घरात विजेचे बिल, रेशनचा कागद, कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये येतो आणि तो वाचून दाखवतो कोण, तर कन्नड शिकलेला शाळकरी मुलगा. (जतकडच्या कन्नड घरांत मराठी कागदांबाबत हेच घडत असणार.) भाषेचा हा लाभ मोठा आहे, मलाही तो झाला आहे. पण अकरा वर्षांच्या मुलाला घरावर किती थकबाकी आहे हे बापाच्या आधी कळते, याचा विचार कोणी करीत नाही. आधार द्यायचा तो घराने. येथे मूलच घराचा आधार होऊन बसते.

काळजीने बुद्धीवर काय परिणाम होतो, यावर आनंदी मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांची त्यांनी दोनदा चाचणी घेतली: तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणसे तीच, पण तोडणीपूर्वी त्यांचे गुण कमी आले. पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवते, असा त्यांचा निष्कर्ष. ही गत जाणत्या शेतकऱ्याची, तर मुलाचे काय होत असेल? वर्गात मात्र त्याला ‘लक्ष नाही’, ‘मठ्ठ आहे’ असे म्हणून मोकळे होतात. चाचणीच्या दिवशी पोटात दुखते म्हणणाऱ्या मुलाचे पोट खरेच दुखत असते. महाविद्यालयातही मराठी व कन्नड माध्यमातून आलेले आम्ही बहुधा मागच्या बाकांवर असतो. घसारा कसा काढायचा हे येत असते. तो इंग्रजीत सांगण्याचे धैर्य नसते, आणि गप्प बसणे म्हणजे न येणे असा हिशेब लागतो.

जमाखर्चात ‘ख्याती’ नावाची मालमत्ता असते. विकत घेतली तरच ती पुस्तकात दाखवतात. पेढीने स्वतः मिळवलेली दाखवत नाहीत. शिकलेल्या घराची ख्यातीही अशीच गुणपत्रिकेत दिसत नाही. वडील इंग्रजी वाचतात, काका बँकेत आहेत, रात्री नऊनंतर घर शांत असते. हे सारे त्या टक्क्यांत मुरलेले असते आणि आपण त्याला हुशारी म्हणतो.

शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांना हे पुरते ठाऊक होते. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा कायदा १९१७ चा. पण १९०१ पासूनच त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले होते. फी माफ करून भागत नाही, राहायला जागा आणि पोटाला अन्न लागते, हे त्यांनी शाळेच्याही आधी ओळखले.

वसतिगृह बांधणे आपल्या आवाक्यातले नाही. पण आपल्या महाविद्यालयाच्या खोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांतल्या दोन खोल्या सहा ते नऊ उघड्या ठेवल्या तर? वीस वॅटच्या आठ नळ्या रोज तीन तास, महिन्यात पंचवीस दिवस: एकूण बारा युनिट वीज. पहारेकरी तसाही असतोच. सोमवार-गुरुवार मी बसेन. मंगळवार-शुक्रवार बसायचे या अंकाच्या कन्नड विभागातील माझ्या एका मित्राने कबूल केले आहे. बुधवार आणि शनिवार अद्याप रिकामे आहेत.