घटातले धान
(इयत्ता ४ थी)

आश्विन शुद्ध प्रतिपदेला आपल्याकडे घरोघर घट बसतात, हे सर्वांना माहीत आहे. पण घटाखाली माती कामून टाकतेत आणि त्या मातीत धान कामून पेरतेत, हे मी आजीला व गुरुजींना विचारले. ते येथे लिहीत आहे.

अगोदर देवीची माहिती. महिषासुर नावाचा राक्षस लई माजला होता. देवीने नऊ दिवस त्याच्याशी युद्ध केले व दहाव्या दिवशी त्याला मारले, अशी कथा आहे. तुळजापूरच्या भवानीमातेची मूर्ती याच रूपाची असून तिला आठ हात आहेत. महाराष्ट्रात देवीची साडेतीन पीठे मानतात. कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी व माहूरची रेणुका ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे. त्यातले माहूर आपल्याच नांदेड जिल्ह्यात आहे. रेणुकामाता ही जमदग्नी ऋषींची पत्नी व परशुरामाची आई. तेथे देवीची पूर्ण मूर्ती नाही, शेंदूर लावलेले मोठे मुख आहे. प्रसाद म्हणून विड्याची पाने कुटून केलेला तांबूल मिळतो. माझ्या लहान भावाला तो फार आवडतो, पण चिमटीभरच देतात.

आता घट. शेतातली काळी माती आणायची, तिच्यातले खडे वेचायचे व थोडे शेणखत मिसळायचे. देव्हाऱ्यापुढे पत्रावळ मांडून तिच्यावर ती माती पसरायची. तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई, जवस असे घरात असेल ते धान पेरायचे. मधोमध कुंभाराकडचा मातीचा घट पाण्याने भरून ठेवायचा, त्यावर विड्याची पाने व नारळ. तांब्याचा किंवा स्टीलचा तांब्या ठेवला तर तसे होत नाही, कारण मातीच्या घटातून पाणी हळूहळू झिरपते आणि सगळ्या मातीला सारखी ओल राहते. वरून थोडे शिंपडले की झाले. जवळ दिवा असतो, तो विझू द्यायचा नाही. आमच्या घरी रात्री तेल घालायला आजी उठते. तिला गजर लागत नाही.

रोज घटावर एक माळ सोडतात. कारळ्याच्या, तरवडाच्या, झेंडूच्या फुलांची. २०२५ साली २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. एक तिथी वाढली होती, म्हणून त्या वर्षी माळा दहा झाल्या. काही बाया नऊ दिवस उपवास करतात, काही उठता-बसता करतात, म्हणजे पहिल्या व शेवटच्या दिवशी. फुलोऱ्याला कडाकण्या बांधतात. त्या लई कडक असतात, पण गोड असतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड वर येतात. दसऱ्यापर्यंत ते वीतभर होतात, पण त्यांचा रंग पिवळा असतो. गुरुजींनी कारण सांगितले. देवघरात ऊन नसते. ऊन नसले की पानात हरितद्रव्य तयार होत नाही. दसऱ्यानंतर मी मूठभर धान मातीसकट डब्यात लावून अंगणात ठेवले. दोन-तीन दिवसांत ते हिरवे झाले. ज्याला खोटे वाटेल त्याने करून बघावे.

आजी म्हणते, "देवीपुढं बियाची परीक्षा होते बघ. घट बघून मग पेरणी करायची." म्हणजे खरीप निघत आलेले असते आणि ज्वारी, करडई, हरभरा पेरायचे दिवस आलेले असतात. कणगीतले बी चांगले आहे का, हे रानात पेरण्याच्या आधी घरातच दिसते. मला हा अर्थ फार आवडला.

२०२५ साली ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या नांदेड जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. घटाची माती आणायला गेलो तर रानात पाय घोट्याएवढा रुतत होता. माती ओलीचिंब होती, ती चुलीजवळ पसरून वाळवावी लागली. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. आमच्या घरातही पाणी शिरले होते आणि बियाचे पोते खालून भिजले होते. त्या वर्षी घटात गहू दाट आला, ज्वारी बरी आली, हरभरा मात्र चार-पाच ठिकाणीच दिसला.

आजी काही बोलली नाही. दसऱ्याला घट उठले, बापूंनी टोपीत धान खोवले, आम्ही शिलंगणाला वेशीबाहेर जाऊन आपट्याची पाने आणली. (पाने थोडीच तोडावीत. आमच्या वेशीवरचे झाड दसऱ्याला पार बोडके होते.) घरी आल्यावर आजी बापूंना म्हणाली, "हरभऱ्याचं बी धरत नाही."

बापू म्हणाले, "घटात पाणी जास्त झालं असंल. हरभरा कुजतो." तेही खरे असते. म्हणून गुरुजींनी वर्गात शिकवलेली रीत आम्ही केली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी असे शंभर दाणे मांडले, वरून दुसरे ओले गोणपाट घातले, गुंडाळी करून सावलीत ठेवले व रोज पाणी शिंपडले. आठव्या दिवशी उघडले. मी दोनदा मोजले. शंभरातले एकेचाळीस उगवले होते.

बापू बराच वेळ गोणपाटाकडे बघत बसले. ते बी पेरले असते तर निम्म्याहून जास्त रान रिकामे राहिले असते, आणि सोयाबीन तर आधीच गेले होते. मग शेजारच्या काकांनी त्यांच्या माडीवर कोरडा राहिलेला हरभरा दिला. रास झाल्यावर तो सवाईने परत करायचे ठरले. त्याचेही शंभर दाणे आजीने मांडायला लावले. अठ्ठ्याऐंशी आले. वाफसा उशिरा आला, म्हणून पेरणी दिवाळीनंतर झाली. आमचा हरभरा उन्हात वाळवून आईने त्याची डाळ केली.