दुरुस्तीतून वाढणारा सर्व्हर : अपाचीच्या आवृत्त्यांचा अभ्यास

घरच्या नळाला वेळेवर पाणी येत असते तोवर गावाबाहेरील जलकुंभाची आठवण सहसा कोणाला होत नाही. एखाद्या खात्याचे संकेतस्थळ उघडणाऱ्या नागरिकाचेही तसेच असते. त्याने मागितलेले पान ज्या दूरच्या संगणकावरून येते, तेथे सर्व्हर नावाची आज्ञावली अहोरात्र चालू असते. मागणी स्वीकारणे, ते पान मागणाऱ्यास खुले आहे की नाही हे तपासणे आणि पान पाठविणे, ही तिची कामे होत. 'अपाची एचटीटीपी सर्व्हर' ही अशीच एक आज्ञावली असून ती जगभर दीर्घकाळ वापरात आहे. ती मुक्त स्रोत आहे. म्हणजे तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, वापरावी व सुधारावी अशी मुभा आहे. भारत सरकारनेही २०१५ साली शासकीय प्रणालींसाठी मुक्त स्रोत आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणूनच अशा आज्ञावलीत सुधारणा कशा होतात आणि वापरणाऱ्यावर त्यामुळे कोणती जबाबदारी येते, हे संगणक शाखेबाहेरील अधिकाऱ्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

दुरुस्तीतून जन्म

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणन केंद्रात रॉब मॅक्कूल यांनी एक वेब सर्व्हर तयार केला होता. १९९४ च्या मध्यास ते केंद्र सोडून गेले आणि सर्व्हरचा विकास खुंटला. तो वापरणारे ठिकठिकाणचे व्यवस्थापक मात्र स्वस्थ बसले नाहीत. प्रत्येकाने आपापल्या गरजेपुरत्या दुरुस्त्या केल्या होत्या. त्या एकत्र आणण्यासाठी फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ जणांचा एक गट उभा राहिला. एप्रिलमध्ये त्यांची पहिली जाहीर आवृत्ती निघाली आणि १ डिसेंबर १९९५ रोजी 'अपाची १.०' प्रसिद्ध झाली. हे नाव अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या अपाची जमातींविषयीच्या आदरातून घेतलेले असले, तरी इंग्रजीत त्यातून 'ठिगळांचा सर्व्हर' असाही श्लेष साधतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. १९९९ साली या कार्यासाठी 'अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली.

नव्या सोयी

आवृत्तीच्या क्रमांकावरून पुष्कळ बोध होतो. '२.४.१७' या क्रमांकातील पहिले दोन अंक आज्ञावलीची शाखा दाखवितात, तर शेवटचा अंक त्या शाखेत झालेल्या सुधारणांचा क्रम सांगतो. २.४ ही शाखा फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झाली. आधीच्या शाखेत प्रायोगिक असलेली 'इव्हेंट' ही कार्यपद्धती या शाखेत पक्की करण्यात आली. तिचे मर्म कचेरीतील खिडकीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादा अर्जदार पिशवीतील कागद शोधत खिडकीशी उभा राहिला, तर कारकुनाचा हात रिकामा असूनही मागची रांग खोळंबते. त्याला बाकावर बसवून पुढच्याचे काम घेतले, तर त्याच कारकुनाकडून अधिक कामे उरकतात. नव्या पद्धतीत सर्व्हर नेमके हेच करतो. जोडणी चालू ठेवून गप्प राहिलेल्या ग्राहकास तो बाजूस ठेवतो आणि दुसऱ्याचे काम हाती घेतो. पुढे ऑक्टोबर २०१५ मधील २.४.१७ या आवृत्तीत 'एचटीटीपी/२' या नव्या संकेतप्रणालीची सोय आली. त्यामुळे एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकाच वेळी पाठविता येऊ लागल्या.

२०२१ चा धडा

प्रत्येक बदल निर्दोष असतोच असे नाही. संकेतस्थळाची पाने सर्व्हरवर एका ठराविक फोल्डरात असतात. पत्त्यात दोन टिंबे लागोपाठ लिहिली, तर त्यांचा अर्थ 'एक पायरी वर' असा होतो. या खुणेचा आधार घेऊन कोणी ठराविक फोल्डराबाहेर जाऊ नये, हे पाहणे सर्व्हरचे कर्तव्य होय. सप्टेंबर २०२१ मध्ये निघालेल्या २.४.४९ या आवृत्तीत पत्ता तपासणाऱ्या भागात बदल केला गेला आणि त्यात एक दोष राहिला. टिंबाऐवजी त्याचे सांकेतिक रूप लिहिल्यास ही खूण ओळखली जात नसे. फोल्डराबाहेरील फायलींना 'सर्वांस मनाई' हा नियम लावलेला नसेल, तर त्या परक्याला वाचता येत. काही मांडण्यांमध्ये तर त्याला सर्व्हरवर आपल्या आज्ञाही चालविता येत.

४ ऑक्टोबर रोजी २.४.५० ही दुरुस्त आवृत्ती निघाली. दोषाचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असल्याचे फाउंडेशनने त्याच वेळी जाहीर केले. परंतु दुरुस्ती अपुरी ठरली. तेच टिंब दुहेरी सांकेतिक रूपात लिहिले की वाट पुन्हा मोकळी होई. तीन दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, २.४.५१ काढून ती वाट बंद करण्यात आली. पहिली दुरुस्ती बसवून निर्धास्त झालेले व्यवस्थापक या तीन दिवसांत धोक्यातच होते. ज्यांनी मनाईचा नियम कायम ठेवला होता, त्यांच्या फायली मात्र या दोषापासून सुरक्षित राहिल्या.

व्यवस्थापकाचे कर्तव्य

२.४.४८ व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत हा दोष नव्हता. म्हणून जुनेच चालवावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २.२ या जुन्या शाखेची अखेरची आवृत्ती जुलै २०१७ मध्ये निघाली. त्यानंतर सापडणाऱ्या दोषांना त्या शाखेत औषध उरले नाही. खरी गरज आहे ती नियमित दक्षतेची. प्रत्येक आवृत्तीसोबत येणारी बदलांची यादी वाचण्याचे काम एका निश्चित कर्मचाऱ्याकडे सोपवावे. आज्ञावली अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी व तिच्यासोबतची सांकेतिक स्वाक्षरी पडताळावी. बदल प्रथम चाचणीच्या संगणकावर करून पाहावा, मांडणीची फाईल तपासून घ्यावी आणि मगच चालू मागण्या न तोडता सर्व्हर नव्याने सुरू करावा. लिनक्सचे काही वितरक आवृत्तीचा मूळ क्रमांक तोच ठेवून सुरक्षेची दुरुस्ती आत बसवितात. अशा वेळी केवळ क्रमांकावर विसंबू नये. वितरकाची सूचनाही पाहावी. एवढे करूनही घुसखोरी आढळल्यास २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेस कळविणे बंधनकारक आहे.

मुक्त स्रोत आज्ञावलीत दोष शोधणारे डोळे अनेक असतात आणि दुरुस्ती सर्वांस विनामूल्य मिळते, हा तिचा मोठा लाभ होय. तथापि दोष जाहीर होताच तो दुर्जनांनाही कळतो. तेव्हापासून दुरुस्ती बसेपर्यंतचा काळ हाच सर्वांत जोखमीचा असतो, आणि तो किती लांबवायचा हे सर्वस्वी वापरणाऱ्याच्या हाती असते. नागरिकांची माहिती ज्या कार्यालयांच्या स्वाधीन आहे, त्यांनी हा काळ शक्य तितका अल्प ठेवणे हेच खरे लोकसेवेचे काम आहे.